उतरतानाचा आकडा

"घंगाळ म्होरं सरकवलं तरी काळा चष्मा उतरंना," स्वयंपाकघरात येत चिमणाबाई म्हणाली आणि ओल्या हातानंच पातेल्यावरचं फडकं उचललं. "मी खाली बसून पाय धुतीया आणि ह्यो आढ्याकडं बघत हुबा. जावयाचं पाय धुतीया का इमानाची चाकं, मलाच कळंना."

चुलीपाशी सयाजी तूप पातळ करत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"भाईर ऊन हाय आये. डोळं दिपलं असतील."

"श्रावणात ऊन. तू गप. तू त्याची बाजू घ्यायला लागलास की मला पयल्यांदा तुझ्याच कानाखाली द्यावी वाटती."

सयाजी हसला आणि तुपाची लोटी फडक्यानं धरून उठला. त्याच्या उजव्या हाताचं कोपर सरळ होत नव्हतं. कुठलीही वस्तू उचलायची किंवा ठेवायची म्हणजे त्याला आधी अख्खं अंग तिच्याजवळ न्यावं लागे. वर्षभरात त्याला त्याची सवय झाली होती. चिमणाबाईला झाली नव्हती.

अधिक महिना चालू होता. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे, ओटी भरून पाठवणी करायची, ही रीत उजळाईवाडीत कोणी चुकवत नव्हतं. विधवेनं हे करू नये, दिराच्या हातून करवून घ्यावं, असं भावकीतल्या एका बाईनं सुचवून पाहिलं होतं. "लेक दिराची हाय का माझी?" एवढंच चिमणाबाईनं विचारलं होतं. ती बाई त्यानंतर पाण्यालाही दुसऱ्या आडावर जाऊ लागली.

पण या खेपेला चिमणाबाईनं शाहूपुरीला लेकीच्या घरी बोलावणं धाडलं ते रीतीपायी नव्हतं. तिला जावयाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. ते लेकीच्या समोर हवं होतं, लेकाच्या समोर हवं होतं, आणि जावयानं आपल्या जिभेनं आपणहून काढलेलं हवं होतं. एकदा ते बाहेर पडलं की ती साखर कारखान्याच्या चेअरमनकडे जाणार होती. चेअरमन तिच्या नवऱ्याच्या, गणपतरावांच्या, चुलत्याचा मुलगा. तो तिचं ऐकेल, सयाजीचं गेलेलं काम आणि गेलेलं नाव दोन्ही माघारी येईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. मग जावयाचं काय होईल, हेही तिनं धरलं होतं. दळताना, कांडताना, म्हशीच्या पाठीवर पाणी ओतताना ती तोच विचार करी, आणि तो तिला काकवीसारखा गोड लागे.

चौऱ्याऐंशी सालच्या आषाढातली गोष्ट. कारखान्याचं लहान विमान मुंबईहून येत होतं. भर ढगांतून खाली उतरताना, धावपट्टी यायच्या अलीकडेच ते निलगिरीच्या शेंड्यांना घासलं आणि माळावर पोटावर आपटलं. आत चौघे होते. चेअरमनच्या खांद्याचं हाड मोडलं. सोबतच्या इंजिनिअरचे पुढचे दात गेले. डाव्या खुर्चीवर कॅप्टन माधवराव होता, म्हणजे चिमणाबाईचा जावई. त्याला साधं खरचटलंही नाही. उजव्या खुर्चीवर त्याचा मेहुणा सयाजी होता.

चौकशी झाली तेव्हा माधवरावानं सांगितलं की उंची दाखवणाऱ्या यंत्राचा आकडा बदलायला मी शेजारी बसलेल्या सयाजीला सांगितलं होतं. त्यानं हात पुढं घालून फिरकी फिरवली आणि 'झालं' म्हणाला. मी विश्वास ठेवला. मग सयाजीला विचारलं. तो म्हणाला, "व्हय, माझं चुकलं." पेपरात चार ओळी छापून आल्या. सयाजीचं लायसन गेलं. कारखान्यानं दुसरं विमान आणलं आणि माधवराव त्याच्या डाव्या खुर्चीवर जाऊन बसला.

सयाजीचं ते वाक्य चिमणाबाईच्या घशात अडकून राहिलं. चौथीत असताना फळा फोडल्याचा आळ आला तेव्हा या पोरानं हात सुजेपर्यंत छड्या खाल्ल्या होत्या, पण न केलेल्या गोष्टीला हो म्हटलं नव्हतं. तेच पोर एवढ्या मोठ्या गोष्टीला एका दमात हो म्हणालं. तिनं त्याला पुष्कळ वेळा खोदून विचारलं. "झालं ते झालं आये," म्हणत तो गोठ्याकडं निघून जाई. शेवटी तिनं त्याला विचारणंच सोडलं. बाभळीचा काटा घुसल्या बाजूनं निघत नसला, की दुसऱ्या बाजूनं दाबावं लागतं.

माजघरात दोन पाट मांडले होते. केळीच्या पानांभोवती रांगोळी होती, पानांच्या डाव्या अंगाला चटणी-कोशिंबीर, मधोमध धोंडे. माधवरावानं चष्मा काढून खिशात घातला होता. मालन त्याच्या शेजारी नव्या जरीच्या लुगड्यात अवघडून बसली होती. सासरी गेल्यापासून ती पाचवारीच नेसत होती. आजच्या दिवसापुरतं आईनं तिला नऊवारी नेसवलं होतं आणि ते नेसवताना, तिनं काही बोलायच्या आत, "पोट आत घे" म्हणून तिला गप्प केलं होतं.

"पावणं, धोंडा फोडून आत तूप घ्या," चिमणाबाई खांबाला टेकून बसत म्हणाली. हातात विंझणा घेतला. "कोरडा खाऊ नगा. घशात बसंल."

"वाढा मामी. तुमच्या हातचं पुरण म्हटल्यावर सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय."

"शाहूपुरीत चूल पेटवत न्हाय व्हय आमची लेक?"

"पेटवते की. पण तुमची सर नाही."

"ऐक गं मालन," चिमणाबाई म्हणाली. "आईम्होरं बायकोला नावं ठेवणारा दाल्ला, आणि बायकोम्होरं सासूला. पावणं दोन्ही अंगानं खातील."

माधवराव मोठ्यानं हसला. सयाजी तुपाची लोटी घेऊन आला आणि त्याच्या पानाशी वाकला. कोपरामुळं त्याला इतकं खाली वाकावं लागलं की दोघांची तोंडं हातभरावर आली. माधवराव पानाकडं बघत राहिला.

"बास, बास."

"घ्या की दाजी. घरच्या म्हशीचं हाय."

तूप धोंड्यातून ओघळून रांगोळीपर्यंत गेलं.

चिमणाबाईनं थोडा वेळ दोघांना खाऊ दिलं. उपाशी माणूस सावध असतो, हे तिला नवऱ्यानं नव्हे, गुऱ्हाळावर गूळ घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांनी शिकवलं होतं. त्यांना आधी पोटभर रस पाजायचा, भावाचं मग बोलायचं.

"मुंबईला पाऊस हाय का वो?"

"बेफाम. परवा येताना सांताक्रूझपासून थेट इथपर्यंत ढग. एक भोक नाही."

"मग वरनं काय दिसतंय तरी? का आपलं देवाच्या नावानं?"

"दिसत नाही मामी. दुधात बुडाल्यासारखं असतं. यंत्रं बघून चालवायचं."

"त्या यंत्राला कसं कळतंय आपुन किती वर हाय ते? दोर सोडून मापतंय व्हय?"

मालननं मान वर करून आईकडं पाहिलं. आईनं आजवर एकही प्रश्न माहितीसाठी विचारला नव्हता, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

माधवराव मात्र खुलला. सासू विमानाबद्दल विचारते आहे, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं आमटीची वाटी पुढं ओढली आणि तिच्या काठावर बोट ठेवलं.

"दोर नाही, हवा. हवेलाही वजन असतं. खाली तिचा दाब जास्त, वर जाल तसा कमी. यंत्र तो दाब बघतं आणि सुई फिरवतं. अमुक इतके फूट."

"म्हंजे हवेचा तराजू."

"तसंच म्हणा."

"मग पासंग?"

"काय?"

"आमच्याकडं गुळाची ढेप तोलायच्या आदी रिकामी पारडी हुबी धरून बघत्यात. एक खाली बसलं तर दुसऱ्यात खडा टाकायचा. मग वजन. तुमच्या तराजूत खडा टाकत न्हाईत?"

"टाकतात की." माधवराव ताठ बसला. "हवा रोज सारखी नसते. पावसाळ्यात हलकी, थंडीत जड. मुंबईत एक, इथं दुसरी. म्हणून यंत्राला एक बारीक खिडकी असते. तिच्यात आकडा दिसतो, खाली फिरकी असते. जिथं उतरायचं तिथला दाब खालचा माणूस वायरलेसवर सांगतो. फिरकी फिरवून तो आकडा खिडकीत आणायचा. मग सुई खरं बोलते."

"आणि मधल्या वाटंत? जितं खाली मानूसच न्हाय?"

"वाटेत एका ठरावीक उंचीच्या वर गेलं की सगळ्यांनी एकच आकडा लावायचा. एक हजार तेरा. विमान दिल्लीचं असो नाहीतर विलायतेचं. तो आकडा तिथल्या हवेचा नसतो, त्यामुळं सुई थोडी चुकते. पण सगळ्यांची सारखीच चुकते, म्हणून कुणी कुणावर आदळत नाही."

"समद्यांचीच सारखी चूक म्हंजे कुणाचीच न्हाय," चिमणाबाई म्हणाली. "आमच्या भावकीगत."

दारात उभा असलेला सयाजी फसकन हसला. माधवरावही हसला. मालनच्याही ओठांचा कोपरा हलला. क्षणभर ते माजघर चार वर्षांपूर्वीसारखं झालं. तेव्हा सयाजी आपल्या या थोरल्या दोस्ताला पहिल्यांदा घरी घेऊन आला होता. या माणसानं मला हवेत उभं राहायला शिकवलं, असं म्हणाला होता, आणि परतताना मालनला बघून दोस्त उंबऱ्याला अडखळला होता.

"आणि उतरताना?" चिमणाबाईनं विचारलं. विंझणा होता त्याच लयीत हलत होता.

"आये, अनारसं आण की," मालन म्हणाली.

"आणतीया. पावण्यांचं बोलणं चाललंय न्हवं?"

"उतरताना..." माधवरावानं पाण्याचा घोट घेतला. "उतरताना तो हजार तेरा काढायचा आणि इथला लावायचा. पावसाळ्यात इथं हजार चारच्या आसपास असतो. एका आकड्याला तीसेक फूट. बदलला नाही तर सुई दाखवते त्याच्यापेक्षा विमान खाली असतं."

"किती खाली?"

"अडीचशे फूट. थोडं जास्तच."

"म्हंजे निलगिरीच्या शेंड्याला लागंल एवढं."

बाहेर म्हशीनं दाव्याला झटका दिला. सयाजी वळून आत गेला आणि भाताचं पातेलं घेऊन आला, पण पानांजवळ आला नाही.

"जाऊ द्या," चिमणाबाई म्हणाली आणि उसासा टाकला. "सयाजी म्हंतोय तेच खरं. झालं ते झालं. तुमी तरी काय करणार? त्यानं 'झालं' म्हटलं, तुमी इस्वास ठेवला. पोर नवखं."

"हो ना," माधवराव हलक्या आवाजात म्हणाला.

"आमचा केरबा तसा न्हाय, एवढंच."

"कोण केरबा?"

"ऊसगाडी हाकतोय आमची. अंगठाबहाद्दर. उमर गेली त्याची, पर कासरा कवा दुसऱ्याच्या हातात दिला न्हाय. पोटच्या पोराच्या बी न्हाय. म्हंतोय, बैलं माझ्या जिवावर चालत्यात, उलटली तर माझ्या हातानं उलटंल. येडंच हाय. शिकल्याली मानसं कशी, दुसऱ्याव सोपवून मोकळी हुत्यात. इमान केवढं मोठं. कुनी बी हात घालावा..."

"कुणीही हात घालत नाही." माधवरावाचा आवाज थोडा चढला.

"न्हाय कसा? आमच्या सयाजीनं तुमच्या पुढ्यातल्या यंत्राला हात घातला. तुमी घालू दिला. राग मानू नगा पावणं, मी अडाणी बाई, मला जे दिसतंय ते म्हंते. बारा वर्सं तुमी उडताय आणि कालचं पोर तुमच्या मांडीवरनं हात पुढं घालून फिरकी फिरवतंय, तरी तुमी बघत बसताय. केरबानं त्याच्या हातावर चाबूक वढला असता. समद्यांनाच कासरा सांभाळता येतोय असं न्हाय. त्याला काय तुमी वाईट वाटून घिऊ नगा."

माधवरावानं हातातला धोंड्याचा तुकडा पानावर ठेवला. कारखान्याच्या पाहुण्यांसमोर, चेअरमनसमोर, मुंबईच्या विमानतळावर त्याला कॅप्टन म्हणत. इथं चटणी-कोशिंबिरीच्या पानावर त्याला एका गाडीवानाशी तोललं जात होतं, आणि गाडीवानच जड पडत होता.

"मामी, माझ्या पुढ्यातल्या फिरकीला मी कुणाला बोट लावू देत नाही," तो म्हणाला. "आजवर दिलं नाही. आकडा मीच फिरवतो. शेजारच्यानं आकडा म्हणायचा आणि हात आपल्या मांडीवर ठेवायचे. माझ्याबरोबर उडलेल्या कुणालाही विचारा."

शेवटच्या शब्दापर्यंत तो ठामपणे बोलला. मग त्याचा उजवा हात पानावर तसाच अधांतरी राहिला, बोटांवरचं तूप निथळत.

चिमणाबाईचा विंझणा थांबला. तिनं तो मांडीवर आडवा ठेवला. या घटकेसाठी तिनं एक आषाढ ते दुसरा आषाढ जीभ दातांखाली धरली होती. आता ती घाई करणार नव्हती.

"ऐकलंस, सयाजी?"

आता पोर मान वर करील, लेक पदर तोंडाला लावील, असं तिनं कितीतरी वेळा मनात पाहिलं होतं. सयाजी पुढं आला. खाली वाकून त्यानं माधवरावाच्या पानावर भाताची मूद पाडली आणि ती नीट बसली की नाही ते पाहिलं.

"ऐकायचं काय त्यात आये?" तो म्हणाला. "मी शेजारीच बसलो हुतो."

चिमणाबाई त्याच्याकडं बघत राहिली.

"मी आकडा म्हणालो. दाजी वायरलेसवर बोलत हुते. परत म्हणालो. त्यांनी मान हलवली, मला वाटलं फिरवला. मग झाडंच आली." म्हैस कुठल्या वाटेनं गेली ते सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"मग व्हय कशाला म्हणालास?"

सयाजीनं आईकडं पाहिलं नाही. त्याची नजर गेली तिकडं चिमणाबाईनं पाहिलं. मालनच्या पानावर एकच धोंडा होता, आणि तो तिनं चिमटून चिमटून भुगा केला होता.

"मी गेलते त्याच्याकडं," मालन म्हणाली. "दवाखान्यात. तू डबा आणायला घरला आलतीस तवा."

"कशाला गेलतीस?"

"दोघांचं उडणं जाण्यापरीस एकाचं जाऊ दे म्हणाय." तिचा आवाज हलला नाही. बहुधा हे वाक्य तिनंही वर्षभर जपून ठेवलं होतं. "त्याला रान हाय, म्हशी हायत्या, तू हायस. माझ्याकडं काय हाय? ह्यांचं उडणं तेवढं हाय. ह्यांना दुसरं काय येतंय, सांग की. मी त्याचं पाय धरलं आये."

माधवराव बायकोकडं वळला. तिच्याशी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तो तिच्याकडं असा बघत होता.

"तू गेली होतीस?"

मालननं मान हलवली.

"मला वाटलं..." तो सयाजीकडं बघून म्हणाला, मग पानाकडं. "तुझ्या डोक्याला मार होता. मला वाटलं तुला आठवत नाही. तू हो म्हणालास तेव्हा मलाच वाटायला लागलं की कदाचित..."

"तसं वाटून घेतलं की झोप चांगली लागती," चिमणाबाई म्हणाली. पण बोलण्याला नेहमीची धार नव्हती, आणि ते तिलाच ऐकू आलं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात अनारशांची परात झाकून ठेवली होती. तिनं झाकण काढलं, परत ठेवलं. घरातली म्हैस कधी आटली, कोणत्या पोत्यात उंदीर शिरला, शेजारणीच्या सुनेला कितवा महिना, हे तिला सगळ्यांच्या आधी कळे. आणि ही एक गोष्ट दवाखान्यातून घरात आली, वर्षभर घरात जेवली, झोपली, सणवार केले, आणि घरच्या मालकिणीला तिनं ओळख दिली नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. सापावर म्हणून उगारलेली काठी, आणि खाली लेकीचा हात.

सयाजी दारात येऊन उभा राहिला.

"आये, चेअरमनकडं जाऊ नगंस."

"कोण म्हणलं तुला मी जाणार हाय?"

"सकाळपास्नं केरबाला गाडी जुपून ठिवायला सांगितलंयस. ऊस तर अजून कमरंएवढा हाय."

चिमणाबाईनं राखेत फुंकर घातली.

"आणि तुझं नाव?"

"म्हशीस्नी म्हाईत हाय माझं नाव. हाक मारली की येत्यात."

"थट्टा करू नगंस माझी."

सयाजी आत आला. त्यानं उजवा हात तिच्यापुढं धरला आणि मूठ वळवून दाखवायचा प्रयत्न केला. कोपर आणि मनगट जिथं थांबायचं तिथंच थांबलं.

"ती फिरकी बोटाच्या पेरांनी फिरवाय लागती," तो म्हणाला. "एक-एक आकडा. लायसन उद्या हातात ठिवलं तरी ह्या हातानं आता ते हुणार न्हाय. तुझ्या जाण्यानं मला काय मिळणार न्हाय. मालनचं जाईल तेवढं जाईल."

तिनं तो हात पुढं येऊन धरला नाही. नुसता बघितला. मग अनारशांची परात उचलली.

माजघरात माधवराव पाटावरून अर्धा उठला होता. सासूनं सांगितल्याशिवाय जावयानं पान सोडायचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याचा एक गुडघा अजून पाटावरच होता. मालन त्याच्याकडं न बघता पाण्याच्या तांब्याभोवती बोट फिरवत होती.

"मामी, मी निघतो. मला नाही जमणार. मी चेअरमनना स्वतःच..."

"काय सांगणार? आणि माझ्या लेकीनं कुठं जायचं मग, तुमच्या खरं बोलण्याची परडी डोक्यावर घेऊन? बसा."

तो बसला. सयाजी आईच्या मागं उभा होता. चिमणाबाईनं परात जावयाच्या पानासमोर ठेवली आणि स्वतः जमिनीवर, त्याच्या समोर बसली. पदर खांद्यावरून नीट घेतला.

"माझं बी ऐका, पावणं. मी कुणाकडं जाणार न्हाय. तुमी बी जायचं न्हाय. ते मन हलकं करायचं सुख तुमाला मिळणार न्हाय. मालनला घरी जाऊन एक अक्षर बोलायचं न्हाय. इमान उडवा, खुशाल उडवा, कॅप्टन म्हणवून घ्या. पर एवढं पक्कं ध्यानात ठिवा. पंचमी, गौरी, दसरा, दिवाळी, संक्रांत, एक सण चुकवायचा न्हाय. हितं येऊन ह्याच पाटावर बसायचं. आणि वाढणार सयाजी. त्याच्या हातनं पानात पडंल ते समदं खायाचं, भूक न्हाय म्हणायचं न्हाय. मी मेल्यावर बी. जावयाच्या मानात हे घर कवा कमी पडलं न्हाय, हितनं म्होरं बी पडणार न्हाय. जेवा आता. निम्मं पान तसंच हाय."